कोंडाईच्या भाकरीतलं औषध

राजेरजवाड्यांच्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

एका डोंगराळ राज्यात नीळकंठ नावाचे राजवैद्य होते. बारा वर्षं औषधशाळेत बसून त्यांनी रातांधळेपणावर उपाय शोधून काढला. शेवग्याच्या पाल्याचा रस मधातून द्यायचा, की गेलेली नजर परत यायची. त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. दरबारात वाहवा झाली. ग्रंथ रेशमी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला गेला.

चार वर्षांनी एक बाई सात वर्षांच्या लेकीचा हात धरून वैद्यांच्या दारात उभी राहिली. तिचं नाव कोंडाई. तीन दिवस डोंगर उतरून ती आली होती.

"वैद्यबुवा, दिवेलागण झाली की हिला काही दिसत नाही. आमच्या गावात अशी आणखी अकरा पोरं आहेत."

वैद्यांनी मुलीला ठेवून घेतलं, रोज रस दिला. विसाव्या दिवशी संध्याकाळी ती अंगणातल्या मांजरामागे धावत सुटली. कोंडाईनं वैद्यांचे पाय धरले.

"देव भेटलात! कसलं हो हे औषध?"

"शेवग्याचा पाला."

कोंडाई म्हणाली, "शेवगा तर आमच्या दारोदार आहे! शेंगा आम्ही खातो, पाला शेळ्यांना घालतो." मग तिनं हळूच विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"झाली चार वर्षं."

"माझा थोरला तीन वर्षांमागं तिन्हीसांजेला विहिरीत पडला. त्यालाही दिसत नव्हतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यानंच वैद्य जास्त हादरले. दुसऱ्या दिवशी ते मायलेकींबरोबर पायीच निघाले.

गावात त्यांनी रस काढला, पण पोरांनी तो थुंकून टाकला. बरोबर आणलेला मधही चार दिवसांत संपला. वैद्य हताश होऊन कोंडाईच्या ओट्यावर बसले.

"वैद्यबुवा, रसच पाहिजे का? पाला पोटात गेला तर नाही चालायचं?" कोंडाईनं विचारलं.

वैद्य विचारात पडले. हे त्यांनी कधी करूनच पाहिलं नव्हतं. "करून बघू," ते म्हणाले.

तिनं पाला बारीक चिरला, लसूण-मिरची ठेचून घातली, पिठात मळला आणि भाकऱ्या थापल्या. पोरांनी मागून मागून खाल्ल्या. वैद्य घरोघर फिरून रोज एकेका पोराची नजर तपासत राहिले. दोन महिन्यांत अकराही पोरं अंधार पडेपर्यंत खेळू लागली. आया त्यांना हाका मारून दमायच्या आणि दमतानाही हसायच्या.

निघताना गावानं वैद्यांना ओवाळलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी कोंडाईपुढे हात जोडले.

"बाई, मी औषध शोधलं, पण ते पोरांच्या पोटात गेलं ते तुमच्यामुळे. तुमचा थोरला मी परत आणू शकत नाही. तरी तुम्ही मला घरात घेतलंत. हे उपकार मी विसरणार नाही."

कोंडाईनं पदर डोळ्यांना लावला. "तुम्ही आलात, वैद्यबुवा. आमच्याकडे आजवर आलं होतं कोण?"

परतल्यावर वैद्यांनी राजाकडे एकच मागणं मागितलं: ही भाकरी शिकवायला कोंडाईसारख्या बायकांना गावोगाव पाठवावं. राजानं ते मान्य केलं. काही वर्षांत त्या राज्यात रातांधळं मूल शोधून सापडेना.

तात्पर्य: ज्ञान नुसतं सापडून भागत नाही; गरजवंताच्या घरी जाऊन, त्याचं ऐकून ते त्याच्या ताटात वाढलं, तरच ते कामी येतं.