धुराचे नाव

एकदा एक तरुण लेखक लॅपटॉप काखेत मारून आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. दिवाळी अंकासाठी त्याला कल्हईवाल्यावर कथा लिहायची होती आणि संपादकांनी दिलेली तारीख चार दिवसांवर आली होती.

“गुरुजी, आणखी एखादी चांगली वेबसाइट सांगा,” तो काकुळतीने म्हणाला. “तीन शब्दकोश झाले, विश्वकोश झाला, जुनी वर्तमानपत्रंसुद्धा चाळली. तापल्या भांड्यात नवसागर टाकला की जो पांढरा धूर उठतो, त्याचं नाव कुठेच सापडत नाही.”

“कथा किती झाली?”

“शीर्षक झालंय.”

गुरूंनी कपाळावर हात मारला. दोन महिन्यांत एक शीर्षक! या व्यासंगाला काय म्हणावे, हेही कोणत्याच कोशात मिळाले नसते.

“आणि गळ्यात हे काय अडकवलंयस?”

“हेडफोन. वडिलांचा खोकला दिवसभर चालू असतो. संदर्भ शोधताना लक्ष लागत नाही.”

“वडील काय करायचे तुझे?” गुरूंना ते पुरते ठाऊक होते.

“कल्हई,” शिष्य म्हणाला. “पण त्यांना कुठे वाचता येतं!”

गुरू उठले, त्याच्या गळ्यातला हेडफोन काढला आणि थेट ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खुपसला.

“कोशांना मी नावं ठेवत नाही, माझंही त्यांच्यावाचून पान हलत नाही. पण कोशात शब्द आपोआप उगवतो का रे? कुणीतरी कुणापुढे तरी बसून विचारलेलं असतं. चाळीस वर्षं भाता ओढलेला माणूस तुझ्या घरात बसलाय, आणि त्याचा आवाज बंद करून तू जगाला विचारत फिरतोस! काखेत कळसा आणि गावाला वळसा. ऊठ, घरी जा. उशीर करू नकोस, तो खोकला मीही ऐकलाय.”

शिष्य धुसफुसतच घरी गेला आणि वडिलांसमोर बसून त्याने धुराचे नाव विचारले.

वडील हसले. हसता हसता खोकले.

“त्याला कसलं आलंय नाव! तो उठला की तोंड फिरवायचं, श्वास धरून ठेवायचा. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की तेही जमायचं नाही.” त्यांनी छातीवर हात ठेवला. “मग तो सगळा इथं.”

कितीतरी वेळ शिष्य तो खोकला ऐकत बसला.

कथा वेळेवर गेली. तिची सुरुवात एका खोकल्याने होते. हेडफोन मात्र अजून गुरूंच्या पिठाच्या डब्यातच आहे.