धोंडजींचा उचललेला पाय

एक होतं गाव, आणि त्या गावाला राजा नव्हता. काय गं सुमे, राजा हवाच? बरं, होता एक राजा. पण तो लांब राहायचा आणि आत्ता जेवायला बसलाय. भात गरम आहे त्याचा, त्याला उठवू नका. आपण आपली गोष्ट पुढे नेऊ.

तर ते गाव होतं नदीकाठी. हिवरगाव नाव त्याचं. तिथे कुणी शेती करायचं, कुणी मासे धरायचं, पण काठी फिरवायला सगळेच शिकायचे. डोक्याच्याही वर जाईल अशी वेळूची लांब काठी. तुमच्या बापाने घरात फिरवली तर आधी माझी लोणच्याची बरणी फुटेल, तसली. गावात एक तालीम होती. तालमीत लाल माती होती, आणि भिंतीवर धोंडजी वस्तादांची जुनी काठी टांगलेली होती. हे धोंडजी म्हणजे हिवरगावच्या काठीचे मूळपुरुष. कधीच देवाघरी गेलेले, बरं का. पण त्यांची रीत गावाने अगदी लोणच्यासारखी जपली होती. कुणी ओला हात लावायचा नाही.

रीत कशी होती? पहिला वार डोक्यावर. दुसरा वार कमरेवर. मग गरकन एक गिरकी, आणि गिरकीतून तिसरा वार गुडघ्यावर. आणि मग, हे नीट ऐका, डावा पाय वर! बगळा उभा राहतो ना, तस्सा. पाय वर धरून मोठा श्वास घ्यायचा आणि मग हळूच खाली ठेवायचा. म्हातारी माणसं सांगायची, धोंडजींची सगळी ताकद त्या उचललेल्या पायात आहे. मग काय, पोरं भाकरी खाताखाताही पाय उचलायची. एका नवरदेवाने तर बोहल्यावरच उचलला. अंतरपाटाच्या पलीकडून नवरी म्हणाली, "काय हो, पळायचा विचार आहे का?"

ए नाम्या, पाय खाली घे. गोष्ट संपली नाही अजून.

तेव्हा तालमीचे वस्ताद होते रामजी. पांढऱ्याशुभ्र मिशा आणि चकचकीत टक्कल. त्यांची एकुलती एक लेक हौसा. तालमीच्या मातीतच रांगायला शिकलेली. काठीत तरबेज, आणि तोंडाने त्याहून तरबेज. लग्न होऊन सासरी गेली होती, पण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून आली होती. मुलगा झाला तिला. गुबगुबीत, टकलू, हुबेहूब रामजी वस्ताद. फक्त मिशा तेवढ्या यायच्या होत्या.

सगळं कसं छान चाललं होतं. आणि मग एके दिवशी गावाची झोप गेली.

गेली म्हणजे चोरीला गेली! झालं असं, नदीपलीकडच्या माळावर एक राक्षस बसायचा. जागरोबा त्याचं नाव. दोन माणसं एकावर एक उभी केली की तो. आणि डोळे? माझ्या चष्म्यातून माझे दिसतात ना, त्याच्या दुप्पट. त्याला जन्मात कधी झोप आली नव्हती. झोप नाही, मग करणार काय बिचारा? नदीपलीकडून तालीम बघत बसायचा. त्याने धोंडजींना बघितलं, त्यांच्या चेल्यांना बघितलं, चेल्यांच्या चेल्यांना बघितलं. बघून बघून त्याला सगळी काठी पाठ झाली. आणि एक दिवस त्याच्या मनात आलं, ही माणसं दमतात आणि मजेत झोपतात. मग मीच तेवढा का जागा? यांनीही जागावं की!

मग तो आला नदी ओलांडून, काखेत भलंमोठं पोतं घेऊन. घराघरांत हात घातला. दुधावरची साय काढावी तशी प्रत्येकाच्या पापणीवरची झोप बोटाने काढली आणि पोत्यात भरली. पोत्याचं तोंड सुंभाने करकचून आवळलं आणि वेशीत त्याच्यावरच टेकून बसला. म्हणाला, "काठीत मला पाडा, आणि झोप घेऊन जा."

आता झोप नाही म्हटल्यावर गावाची काय दशा! गुरवाने देवाला अंघोळ घालायची ती स्वतःलाच घातली आणि देवाला जेवायला वाढून स्वतःसमोर घंटा वाजवत बसला. एका बाईने नवऱ्याच्या ताटात भाकरीऐवजी गोवरी वाढली. तो खात म्हणाला, "आज जरा जाड झालीय गं." आपण हसतो, पण हौसाला हसू येत नव्हतं. तिचं बाळ रडून रडून दमलं होतं. आवाज बसला, दूध प्यायचं बंद झालं. इवल्याशा तोंडाचे नुसते ओठ हलायचे. हौसा त्याला घेऊन अंगणात फेऱ्या मारायची आणि रामजी वस्ताद तिच्यामागून फेऱ्या मारायचे. अजून थोडे दिवस असंच चाललं तर बाळ हाताला लागत नाही, हे दोघांनाही कळलं होतं.

मग पहिल्यांदा गेला म्हादू पैलवान. वस्तादांचा लाडका चेला, दंड म्हणजे हे असे भोपळे. गेला, मातीला हात लावला, कपाळाला लावला आणि सुरू झाला. राक्षस एक झाड उपटून, त्याचीच काठी करून उभा.

"आता डोक्यावर!" राक्षस म्हणाला. म्हादूचा वार डोक्यावरच आला. राक्षसाने अडवला.

"आता कमरेवर! आता गिरकी घे! आता गुडघा!" सगळं तसंच झालं. "आणि आता, शहाण्या, पाय उचल!"

म्हादूने पाय उचलला. राक्षसाने खाली वाकून एका बोटाने दुसऱ्या पायाला टिचकी मारली. म्हादू कुठे पडला? पाटलांच्या उकिरड्यात. वास गेला नाही बरेच दिवस.

मग दुसरे गेले रामजी वस्ताद स्वतः. म्हातारे, पण काठी अशी फिरायची की वारा कापल्याचा आवाज यावा. राक्षससुद्धा म्हणाला, "वा! धोंडजीनंतर अशी काठी बघितली नव्हती." पण वार तेच. गिरकी तीच. शेवटी पाय उचलला, राक्षस वाकला, टिचकी मारली, आणि वस्ताद म्हादूच्या शेजारी.

आणि मग राक्षसाला हसू आवरेना. पोट धरून धरून हसला. म्हणाला, "अरे वेड्यांनो! पाय का उचलता ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला? धोंडजीच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता! निघालाच नाही शेवटपर्यंत. गिरकी घेतली की ठणकायचा, म्हणून तो पाय उचलून दम खायचा. काटा मोडण्याआधी त्याच्या काठीत कुठे होता असला बगळा? मी बघितलंय ना या डोळ्यांनी!"

असा दुसऱ्याला हसणारा माणूस नेहमी जरा जास्तच बोलून जातो, बरं का. राक्षस असला तरी.

वस्ताद घरी आले ते ओटीवर मटकन बसले. मिशा खाली झुकल्या होत्या. म्हणाले, "हौसे, जन्मभर मी पोरांना काटा शिकवला गं."

हौसा बाळाला थोपटत उभी होती. तिने विचारलं, "आबा, मी लहान असताना तुम्हाला विचारलं होतं, पाय का उचलायचा. तुम्ही काय म्हणाला होता?"

"म्हटलं होतं, ते गुपित आहे."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नव्हतं. गुपितच होतं ना ते. मलाही कुणी सांगितलं नव्हतं."

हौसा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, "मग रडता कशाला? बरंच झालं की. धोंडजींचा पाय ठणकत होता, म्हणून काय त्यांनी काठी टाकली का? पायाला जमेल अशी रीत बसवली. माझ्या पायात काटा नाही, माझ्या अंगावर पोर आहे. खाली ठेवलं की कळवळतं. मी पोराला जमेल अशी रीत बसवते."

"अगं, पण असं कुणी केलंय का आजवर?"

"धोंडजींनी केलंय!"

वस्ताद उठले आणि तालमीत गेले. भिंतीवरची धोंडजींची काठी खाली काढली. गावातली माणसं गोळा झाली. वस्तादांना वेड लागलं की काय, त्यांनी कोनाड्यातला कोयता घेतला! "अहो, अहो!" म्हणेपर्यंत खट्ट! काठीचे दोन तुकडे. लोकांनी कानांवर हात ठेवले. वस्ताद लेकीला म्हणाले, "लांब काठीचं मागचं टोक बाळाच्या डोक्याला लागलं असतं. घे. तुझ्या मापाची झाली."

सुमे, तू का डोळे पुसतेस? काठीला दुखत नाही.

मग हौसाने जुन्या लुगड्याने बाळाला पाठीशी घट्ट बांधलं, कासोटा खोचला आणि आखूड काठी घेऊन भर उन्हात वेशीत उभी राहिली.

राक्षस म्हणाला, "बाई आणि तान्हं! बरं, चल. आता डोक्यावर!"

पण वार डोक्यावर आलाच नाही. गिरकी घ्यायची तर बाळाला भोवळ येईल. थांबावं तर बाळ रडेल. म्हणून हौसा झुलायला लागली. दोन पावलं पुढे, एक मागे, जरा डावीकडे, जरा उजवीकडे, रडकं पोर घेऊन घरभर फिरतात तशी. काठी मधोमध धरलेली. आणि तोंडाने अंगाई:

"हलके हलके झूल रे बाळा, हलके हलके झूल,
राक्षसाच्या डोक्यावरती भोपळ्याचं फूल!"

"कमरेवर!" राक्षस ओरडला. काठीचं टोक बसलं त्याच्या पोटात. "गिरकी!" गिरकी नाहीच. दुसरं टोक बसलं कोपरावर. "ही... ही कुठल्या गुरूची रीत?"

"ह्या पाठीवरच्या," हौसा म्हणाली. "फार कडक आहेत. जरा थांबले की ओरडतात."

राक्षसाला घाम फुटला. त्याला जे पाठ होतं ते येईना, आणि जे येत होतं ते त्याने कधी बघितलेलं नव्हतं. त्याने नुसतं बघितलंच होतं ना सगळं! स्वतःच्या पायाने कधी एक पाऊल बसवलं नव्हतं. शेवटी एक फटका गुडघ्यावर बसला. गुडघा! त्याला हायसं वाटलं. गुडघ्यानंतर काय येतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आता पाय उचल!" असं म्हणून तो टिचकी मारायला खाली वाकला.

हौसाचे दोन्ही पाय जमिनीवर होते. घट्ट. राक्षस वाकला, वाकलेलाच राहिला, आणि त्याची मान आली तिच्यासमोर, ताटात वाढल्यासारखी. तिने आखूड काठी मानेवर आडवी धरली आणि अशी रेटली की तो कोलांटी खाऊन धप्पकन आपल्याच पोत्यावर पडला.

सुंभ तुटला. पोतं फाटलं. सावरीचं बोंड फुटून कापूस उडतो ना, तशी सगळी झोप हवेत उडाली. आणि सगळ्यांत आधी कुणाच्या अंगावर पडली? त्याच्याच! राक्षसाने जन्मातली पहिली जांभई दिली. एवढी मोठी, की त्यात दोन चिमण्या जाऊन परत आल्या. त्याच्या मोठ्या मोठ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "अगं बाई, हे असं असतं होय?" आणि झोपला.

मग झोप घराघरांत गेली. गुरव घंटेला टेकून झोपला, म्हादू उकिरड्याजवळच झोपला. रामजी वस्ताद काठीचा उरलेला तुकडा उशाला घेऊन झोपले. आणि हौसाच्या पाठीवर एक छोटंसं टकलू डोकं कलंडलं. तिच्या मानेवर गरम गरम श्वास लागला. तेवढा लागल्यावर मग तीही झोपली.

संपली म्हणता? छे. हिवरगावची माणसं ती! जागी झाल्यावर हौसा तालमीत गेली तर काय बघते? म्हादू आणि सगळे पैलवान पाठीला उशा बांधून, ओळीने झुलत अंगाई म्हणतायत. हे असे भोपळे दंड आणि तोंडाने "हलके हलके झूल रे बाळा"!

हौसा म्हणाली, "काय रे म्हादूदादा, पाठीवर काय?"

"उशी," म्हादू म्हणाला. "ताई, सगळी ताकद तिच्यातच आहे ना?"

"मग रडते का ती?"

हौसाने एकेकाची उशी काढून घेतली आणि ज्याने त्याने घरी जाऊन आपला काटा शोधून यावं असं सांगितलं. तेव्हापासून तिथे अशी चाल पडली. आधी धोंडजींचे सगळे डाव नीट शिकायचे, उचललेल्या पायासकट. मग हौसाचे शिकायचे. आणि शेवटी आपला स्वतःचा एक डाव बसवून तो कशासाठी बसवला ते सगळ्यांना सांगायचं, तेव्हाच डोक्याला फेटा मिळायचा. पहिला फेटा रामजी वस्तादांनीच मिळवला. गुडघे दुखायचे म्हणून ते तिवईवर बसून लढायचे. आणि कुणाची काय बिशाद त्यांना उठवायची!

राक्षस अजून झोपलाय. त्याच्या अंगावर गवत उगवलं, आणि आता लोक त्याला टेकडी म्हणतात. कान लावला की घोरणं ऐकू येतं. हौसाचं पोर मोठं झालं, त्याला मिशाही आल्या, आणि हिवरगावात सगळे पोटभर जेवून सुखाने राहिले. राजाचंही जेवण झालं.

चला, आता उडालेली झोप इकडे यायला लागलीय. सुमे, तू पालथी झोपतेस, झोप पालथी. नाम्या, तू झोपेत माझ्या बरगडीत पाय घालतोस, तो तुझा डाव. मी मात्र घोरणार, हे आधीच सांगते. दिवा मालवा. आणि नाम्या, तो पाय आता उचललास तरी चालेल, पांघरूण खाली अडकलंय तुझ्या.