गोधडीवरचा पूल

कोणे एके काळी, म्हणजे तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही दात यायचे होते त्या काळी, नदीकाठी एक गाव होतं. त्या गावात सारजाक्का नावाची बाई राहायची. गोधडी शिवावी तर सारजाक्कानंच! तिचा टाका इतका बारीक की डोळे फाडून बघितला तरी दिसू नये, आणि इतका घट्ट की कापड विरून जाईल पण टाका उसवणार नाही. ही स्तुती माझी नव्हे बरं का. ती स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

गावाला दुःख एकच होतं. नदीवर पूल नव्हता. बाजार पलीकडे, वैद्य पलीकडे, राजधानीही पलीकडे. उन्हाळ्यात होडी चालायची, पण आषाढात नदी फुगली की नावाडी होडी पालथी घालायचा, ती थेट दसऱ्याला सुलटी व्हायची. सारजाक्काची एकुलती एक लेक राही पलीकडच्याच गावात दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. आता दुसरी खेप, आणि घरात सासरा अंथरुणाला खिळलेला. त्याला टाकून पोर येणार कशी? बरं, आईनं लेकीच्या सासरी चार दिवसांहून जास्त राहू नये, अशी त्या काळची रीत. दिवस भरणार ऐन श्रावणात. सारजाक्काच्या जिवाला घोर लागला होता.

अशात एक दिवस चावडीपुढे दवंडी पिटली गेली. "ऐका हो ऐका! वैशाखी पुनवेला राजवाड्याच्या अंगणात गोधड्यांचं प्रदर्शन भरणार आहे! विषय एकच, 'आमचं गाव'! प्रत्येक गावानं एक गोधडी आणावी. मनात भरेल त्या गावाला राणीसाहेब बक्षीस देतील हो!"

सारजाक्का ताडकन उठली. "बक्षीस आपलंच," ती म्हणाली. "आणि मी काही साडीचोळी मागायची नाही. पूल मागणार, पूल!"

झालं! सुईत दोरा ओवला न ओवला, तोच दारात पाटील हजर.

"सारजाक्का, माझ्या घरावर दोन मजले जास्त चढव."

"अहो पाटील, आहे त्या एका मजल्याला तुम्ही बांबूचा टेकू दिलाय!"

"तो बांबू दाखवू नकोस म्हणजे झालं. राणीसाहेब बघणार. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

पाटील गेले तर देवळाचा गुरव आला. त्याला सोन्याचा कळस हवा होता. खरं तर देवळावर तांब्याची फुटकी कळशी पालथी घातलेली होती. मग गावचा पैलवान आला. पाच वर्षं जत्रेत तो चीतपट होत होता, त्याला गोधडीवर खांद्यावर गदा हवी होती. सारजाक्कानं प्रत्येकाला शेलक्या शब्दांत झाडलं आणि प्रत्येकाचं ऐकलं. गाव नटत गेलं. रस्त्यातले खड्डे बुजले, गळकी घरं कौलारू झाली, पाटलांच्या हडकुळ्या म्हशीला तर अशी तुकतुकी आली की पाटलांनीही तिला ओळखलं नाही.

शेवटी उरली मधली नदी. निळ्या लुगड्याची लांबलचक पट्टी. सारजाक्का लांबून बघे, जवळून बघे. नदी कशी बोडकी दिसत होती. एवढ्या देखण्या गोधडीच्या पोटात नुसताच निळा पट्टा! तिनं पेटाऱ्यातून लग्नातला शालू काढला. त्याचा जरीचा काठ कापला. आणि तीन दिवस, तीन रात्री खपून त्या निळ्या नदीवर पाच कमानींचा झगझगीत पूल शिवला. कुणी सांगितलं नव्हतं हं! इतरांच्या थापांना नाकं मुरडणाऱ्या बाईनं सगळ्यात मोठी थाप स्वतःच्या हातानं, दुहेरी दोऱ्यानं पक्की केली. शिवताना मात्र तिला वाटत होतं, आपण या पुलावरून राहीकडे निघालोय.

वैशाखी पुनवेच्या सकाळी सारजाक्का, पाटील आणि चार गडी होडीतून नदी उतरून राजवाड्याच्या अंगणात पोचले. दोऱ्यांवर गोधड्याच गोधड्या टांगल्या होत्या. सारजाक्का कंबरेवर हात ठेवून फिरली. हिचा टाका सैल, तिचा काठ वाकडा, तिसरीची गाय की बकरी तेच कळेना. शेजारची गोधडी बघून तर तिला हसूच आवरेना. गोधडीच्या बरोब्बर मधोमध चक्क भोक!

"अगं बाई, गोधडी उंदरानं खाल्ली का गं?" तिनं त्या बाईला विचारलं.

"नाही आक्का, ती आमची विहीर," बाई गरिबीनं म्हणाली. "कोरडी आहे. तळ दिसेना, म्हणून भोकच ठेवलं."

एवढ्यात राणीसाहेब आल्या. मागे कारभारी. राणीसाहेब त्या भोकापाशी थांबल्या. त्यांनी भोकातून हात घालून पलीकडे बोटं हलवली. "हे काय?"

बाईनं विहिरीचं रडगाणं सांगितलं. राणीसाहेबांनी भोकातून हात काढला आणि कारभाऱ्यांना म्हणाल्या, "उद्याच पाथरवट पाठवा. विहिरीला पाणी लागेपर्यंत परत यायचं नाही." पुढच्या गोधडीवर अर्धं छप्पर होतं. त्या गावाला कौलं मिळाली. तिच्या पुढच्या गोधडीवर खोकणारी पोरं होती. तिकडे वैद्य निघाला.

सारजाक्काच्या कंबरेवरचे हात खाली आले. "अगं आई गं!" ती पुटपुटली. "या बाई गोधडी बघतच नाहीत. या उणं काय ते बघतायत!"

आणि आपल्या गोधडीवर उणं काहीच नाही. पूलसुद्धा आहे!

तिनं झडप घातली. पुलाचा टाका नखानं उचकटायला गेली, नख तुटलं. सुईनं उसवायला गेली, सुई वाकली. मग तिनं जरीचा काठ दातांत धरला आणि मागे रेलून ओढला. दोरी हलली, खांब हलला, पण टाका हलेना. उसवणारच नाही असा टाका ना तो!

"आक्का! अब्रू! गावाची अब्रू!" पाटील तिचा पदर धरून मागे ओढत होते.

"घाला ती अब्रू चुलीत!" सारजाक्का दातांतल्या जरीमागून म्हणाली, पण ते नीट बाहेर आलंच नाही.

"वा!" मागून आवाज आला.

राणीसाहेब उभ्या होत्या. सारजाक्कानं तोंडातला पूल घाईघाईनं सोडला. खरं काय ते तिच्या अगदी ओठावर आलं होतं. सांगून टाकायचं, 'राणीसाहेब, हा पूल खोटा आहे.' एवढंच. पण राणीसाहेबांनी टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बाई, असा टाका मी जन्मात पाहिला नाही."

बस्स! सारजाक्का विरघळली. "तुमची कृपा," ती लाजून म्हणाली. खरं काय ते पुन्हा घशाखाली गेलं.

"केवढं भरलेलं गाव!" राणीसाहेब कारभाऱ्यांना म्हणाल्या. "तिमजली घर, सोन्याचा कळस, पाच कमानींचा पूल. यांना आपण काय देणार? शोभेचं काहीतरी द्या. आपला तो चांदीच्या घुंगरांचा रथ द्या. पुलावरून मिरवतील."

पाटलांनी जमिनीला डोकं टेकवलं. पहिलं बक्षीस! ढोल वाजले. सारजाक्काच्या गळ्यात हार पडला. ती हसत होती आणि हाराआडून त्या जरीच्या पुलाकडे बघत होती.

चार गड्यांनी घुंगरं वाजवत रथ ओढत आणला, तो नदीच्या काठापर्यंत. होडीत रथ मावेना. चाकं काढली तरी मावेना. शेवटी रथ तिथंच, पलीकडच्या काठावर बाभळीखाली सोडून मंडळी बक्षिसाशिवाय घरी आली. आठवड्याभरात तिकडच्या कोंबड्या त्यात अंडी घालू लागल्या.

मग आषाढ लागला. नदी दोन्ही काठ धरून धावू लागली. श्रावणात एका दुपारी पलीकडच्या काठावर राहीचा नवरा येऊन उभा राहिला. त्यानं दोन्ही हातांनी काहीतरी उंच धरलं. फडक्यात गुंडाळलेलं, मुठीएवढं. सारजाक्का पाण्यात गुडघाभर उतरली, ओरडली, पण नदीपुढे आवाज कसला पोचतोय! मुलगा की मुलगी कळेना. राही बरी आहे की नाही, तेही कळेना. जावई थोडा वेळ थांबला, मग बाळाला पावसापासून पदराआड घ्यावं तसं छातीशी धरून निघून गेला.

सारजाक्का तिथंच काठावर बसून रडली. काहीही न झाकता, मोठ्यानं रडली.

पाटील तिच्याजवळ आले. त्यांनाही वाईट वाटत होतं. समजूत घालायची म्हणून ते म्हणाले, "जाऊ दे, आक्का. राणीसाहेबांपुढं गावाची शोभा तरी राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची."

सारजाक्कानं डोळे पुसले.

"खरंय, पाटील," ती म्हणाली. "पण झाकल्या मुठीत कुणी काही घालत नाही हो."

तात्पर्य : उणं झाकणाऱ्याची वाहवा होते, पण उणं भरून निघतं ते सांगणाऱ्याचंच.