पडद्याकडे पाठ

एकदा एका कलाशाळेतील विद्यार्थिनीवर स्वतःच्याच कामांपुढे निरुत्तर होण्याची पाळी आली. ही कलाशाळा खाडीकाठच्या एका गावाबाहेर होती. अ‍ॅनिमेशन, व्हिडिओ आणि डिझाइन या तीन विद्या तिथे शिकवल्या जात आणि पहिल्या वर्षी प्रत्येकाला तिन्हींत हात घालावा लागे. वर्ष संपताना एक रीत कटाक्षाने पाळली जाई. प्रत्येकाने आपल्या कामांपैकी एकच काम शाळेच्या संग्रहात ठेवायचे, बाकीची घरी न्यायची, आणि हेच का ठेवले ते सर्वांसमक्ष सांगायचे. त्या कामाला तिथे ‘ठेव’ म्हणत. ठेव ज्या विद्येतली, तीच विद्या पुढे शिकायची. एकदा झालेली निवड बदलत नसे. सांगितलेले कारण शाळेच्या आचार्यांना पटले नाही, तर ठेव परत येई आणि पहिले वर्ष पुन्हा काढावे लागे.

विद्यार्थिनीजवळ तीन कामे होती. पहिले अ‍ॅनिमेशन. एक बाई आपली शेळी घेऊन खाडी ओलांडणाऱ्या होडीवर, गावच्या तरीवर, चढू पाहते, शेळी फळीशी येऊन अडते आणि शेवटी चढते, एवढीच गोष्ट. दुसरे काम म्हणजे तर चालवणाऱ्या काकांवरचा एक छोटा व्हिडिओ. तिसरा होता फलक. शाळेच्या दालनाबाहेर चपला काढण्याची सूचना देणारा तो फलक तिने रंगवला होता आणि तो दाराशी टांगलेलाही होता. पहिल्या दोन कामांमुळे वर्गातली मुले तिला ‘तरीवाली’ म्हणत.

तिन्हींपैकी आपले कोणते, हेच तिला उमगेना. अ‍ॅनिमेशन पाहिले की आपण चित्रे हलवण्यासाठीच जन्मलो असे वाटे. व्हिडिओ लावला की तेच मन काकांच्या चेहऱ्यापाशी जाऊन बसे. आणि फलकाजवळून जाताना स्वतःच्याच अक्षरांचा मोह पडे. ठेवीचे कारण ठरवण्यासाठी तिने तिन्हींवर मनोगत लिहिले. प्रत्येक कामाने मला कल्पकता दिली, संयम दिला, सहकार्याची भावना दिली, असे त्यात होते. आचार्यांनी ते शांतपणे वाचले. ते वयोवृद्ध होते, आणि बोलताना चष्मा काढून हातात धरण्याची त्यांना सवय होती.

“ही वाक्यं पायजम्याच्या नाडीसारखी आहेत, मुली,” ते म्हणाले. “कुठल्याही कमरेला बसतील.”

“गुरुजी, मग काय लिहू?”

“सध्या काही लिहू नकोस. आधी कामं दाखव.”

दुसऱ्या दिवशी दालनात सारे विद्यार्थी जमले. दिवे मालवले गेले. आणि तेव्हाच आचार्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. पहिल्या रांगेतली आपली खुर्ची त्यांनी उचलली, पडद्याच्या अगदी पायथ्याशी नेली, उलटी फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून ते स्वस्थ बसले. अ‍ॅनिमेशन झाले, व्हिडिओ झाला. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. दिवे लागल्यावर ते उठले आणि खुर्ची जागेवर ठेवून निघून गेले.

“तरीवाले, आजवर गुरुजींना झोप लागलेली पाहिली होती,” शेजारी बसलेला रमीझ कुजबुजला. “पण पाठ फिरवलेली नव्हती पाहिली. विक्रम केलास तू.”

“गप बस रे.”

“अगं, चांगल्या अर्थी म्हणतोय. शेळीचं तेज सहन झालं नसेल त्यांना.”

तिला हसू आले नाही. काम वाईट ठरले असते तर वाईट म्हणून सांगता आले असते. जे पाहिलेच गेले नाही त्याचे काय करायचे? ती तडक आचार्यांच्या ओसरीवर गेली.

“गुरुजी, तुम्ही माझं काम पाहिलंच नाहीत.”

“पाहिलं की. नीट पाहिलं.”

“तुमची पाठ होती पडद्याकडे!”

“हो. आणि उद्या तुझी असणार आहे,” आचार्य म्हणाले. “गावातल्या लोकांना आणि स्वयंपाकघरातल्या मंडळींना बोलावलंय. तरीवाल्या काकांनाही निरोप गेलाय. तू माझ्या खुर्चीत बस. लोक दारातून यायला लागतील तेव्हापासून बसायचं. आणि वळायचं नाही.”

“पण का?”

“ते तूच मला सांगशील, असा माझा अंदाज आहे.”

आपल्याकडच्या गुरुशिष्यकथा चाळल्या तर असे आढळते, की त्यांतला गुरू शिष्याच्या प्रश्नाला क्वचितच थेट उत्तर देतो. बहुधा तो शिष्याची बसण्याची जागा तेवढी बदलतो. ऐकणाऱ्याला ही लहर वाटते, आणि त्या क्षणी शिष्यालाही लहरच वाटत असते. विद्यार्थिनीलाही तसेच वाटले. गुरुजींचे वय झाले, असा एक विचार तिच्या मनात डोकावून गेला आणि त्या विचाराची तिला लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी ती सांगितल्याप्रमाणे बसली. दालनाचे दार बरोबर समोर होते आणि उघड्या दारातून बाहेरच्या खांबावरचा तिचा फलक स्पष्ट दिसत होता. वळणदार अक्षरे, शिंपल्यांची नक्षी, मधोमध ‘कृपया पादत्राणे येथे काढावीत’. माणसे येऊ लागली. पोस्टमास्तर थांबले, मान तिरकी करून फलक वाचला, “अक्षर काय सुरेख काढलंय!” असे म्हणाले आणि चपलांसकट आत आले. स्वयंपाकघरातल्या मावशींनी एकेक अक्षर जुळवत पूर्ण वाक्य मोठ्याने वाचले, शिंपल्यांवरून बोट फिरवले आणि चपलांसकट आत आल्या. एका तरुणाने फलकाचा फोटो घेतला आणि बुटांसकट आत आला. फलकाचे कौतुक न करता कोणी आले नाही आणि चपला काढून कोणी आले नाही. विद्यार्थिनी आ वासून पाहत राहिली. आपण हसावे की उठून ओरडावे, हे तिला कळेना.

दिवे मालवले. पडद्याचा उजेड माणसांच्या तोंडांवर पडला. काय चालले आहे ते तिला केवळ आवाजावरून ओळखायचे होते. पहाटेच्या आकाशाचा देखावा सुरू झाला. त्या आकाशाचे रंग जमवण्यासाठी तिने जिवाचे रान केले होते. समोर पोस्टमास्तर जांभई देत होते. एक बाई शेजारणीला भाजीविषयी काही सांगत होती. मग शेळीच्या खुरांचे आवाज आले. शेळी फळीशी पोचली आणि अडली.

ही जागा विद्यार्थिनीला नकोशी होती. अ‍ॅनिमेशनमध्ये एकेका क्षणासाठी अनेक चित्रे काढावी लागतात. इथे तिची चित्रे संपली होती आणि काम देण्याची वेळ टळत चालली होती, म्हणून अडलेल्या शेळीचे एकच चित्र तिने ताणून ताणून लांबवले होते. पडद्यावर काहीच हलत नाही, अशी ती जागा. तिने अंग चोरून घेतले. पण समोरची बाई बोलता बोलता थांबली. मावशींनी पदराचे टोक मुठीत धरले. कोणीतरी मागून हळूच म्हणाले, “नाय येणार ती.” दालनात खोकलासुद्धा उमटला नाही. मग शेळी चढून होडी पुढे सरकल्याचा आवाज आला आणि सगळे एकदम सैलावून हसले.

तिने मेहनत केली होती तिथे काही घडले नव्हते, आणि तिच्या हातून राहून गेले होते तिथे सारे घडले होते. याचा मेळ तिला लागेना.

तोवर व्हिडिओ सुरू झाला. काकांचे बोलणे तिला पाठ होते. खाडीवर पूल होतो आहे, पूल झाला की ही तर बंद, मग या वयात दुसरे कोणते काम शिकू, असे ते विचारत असत. त्या बोलण्यावर तिने बासरी घातली होती. बासरी सुरू होताच समोरचे चेहरे निवळले. माना डोलू लागल्या. एकीने डोळेही मिटले. आणि सगळ्यांच्या मध्ये काका बसले होते. ते पुढे झुकले होते, तळहात कानामागे धरून स्वतःचे बोलणे ऐकण्याचा प्रयत्न करत होते.

दिवे लागले. “किती शांत वाटलं गं!” मघाची भाजीविषयी बोलणारी बाई म्हणाली. काका जवळ आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“बरां केलंस गो चेडवा,” ते म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “ती बासरी कोणी वाजवल्यान?”



लोक पांगल्यावर आचार्य तिच्याजवळ येऊन बसले. ती रडवेली झाली होती.

“गुरुजी, काल माझा गोंधळ तीन कामांचा होता. आज तो माझ्या डोळ्यांचा झालाय. मला जे चांगलं दिसतं ते लोकांपर्यंत पोचतच नाही. म्हणजे लोकांना आवडेल तेच करायचं का?”

“आवडण्याविषयी मी काही बोललोच नाही,” आचार्य म्हणाले. “फलक सगळ्यांना आवडला. चपला किती जणांनी काढल्या? व्हिडिओ सगळ्यांना आवडला. काकांचं म्हणणं कोणी ऐकलं?”

आचार्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

“लहानपणी मी चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात पडद्यामागे बसत असे. मागून दिसतं ते चामडं, काठी आणि दिवा. सावली पुरी होते पलीकडच्या बाजूला, आणि तिथे आपण नसतो. म्हणून आमचे वडीलधारे खोकल्यांकडे कान लावून बसत. खोकले थांबले की समजायचं, कथा पोचली. तुझी शेळी कागदावर कधी हलली का? एकेक चित्र जागच्या जागी स्थिर आहे. चालली ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांत, आणि अडली तीही तिथेच. तू आपलं काम कागदावर धुंडाळत होतीस, म्हणून तिन्ही कामं तुला सारखीच आपली वाटत होती. तुझा हात तिन्हींत आहेच. पण काम म्हणजे हातापासून माणसापर्यंतची वाट. ती कुठवर गेली आणि कुठे तुटली, ते पाहिल्याशिवाय तू कशावर मनोगत लिहिणार होतीस?”

एवढे बोलून ते उठले. ठेव कोणती, हे त्यांनी विचारले नाही आणि सुचवलेही नाही.

ठेवीच्या दिवशी दालन भरले होते. ती पुढे आली तेव्हा शेळीच येणार, याविषयी कोणाला शंका नव्हती. गावकऱ्यांसाठीच्या त्या खेळाची बातमी शाळेभर झाली होती. तिच्या हातात मात्र फलक होता.

“अगं, चुकून उचललास का?” रमीझने मागून हाक दिली, आणि थोडी हसाहस झाली.

“चुकून नाही,” ती म्हणाली. “काकांचा व्हिडिओ मी ठेवू शकत नाही. तो अजून त्यांचा झालेला नाही. त्यातली बासरी मी काढलीये. या आठवड्यात तो तरीच्या धक्क्यावर दाखवणार आहे, काका शेजारी असतील. शेळी मी घरी नेतेय. तिच्यापुढे लोकांनी श्वास रोखला, पण तो क्षण माझ्या हातून अपघाताने झाला. त्याचं श्रेय घेऊन पुढची वर्षं काढायला मला संकोच वाटतो.”

“आणि फलक?” आचार्यांनी विचारले. “सगळ्यांत फसलेलं काम ते. ते का ठेवतेस?”

“कारण बाकीच्या दोन कामांत काय झालं ते मला थोडंफार कळलं, गुरुजी. इथे मला काहीच कळलेलं नाही. माणूस दारात थांबतो, वाचतो, वाचलेलं त्याला समजतं, अक्षरांचं कौतुक करतो आणि चपला घालून आत येतो. त्या मधल्या एका पावलात काय होतं? अक्षर इतकं सुंदर झालं की माणूस अक्षरापाशीच थांबला, की ‘पादत्राणे’ हा शब्दच परका होता, की आणखी काही? मी पुष्कळ विचार केला. मला ठाऊक नाही. हे मी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर म्हणतेय.”

दालनात चुळबुळ झाली. ठेवीचे कारण म्हणून कोणी अज्ञान पुढे केल्याचे तिथे कोणाच्या स्मरणात नव्हते. एक शिक्षक आचार्यांच्या कानाशी लागले. हे कारण धरता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे दिसत होते. आचार्यांनी फलक पुन्हा एकदा वाचला.

“मलाही ठाऊक नाही,” ते म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पुढे करून ठेव स्वीकारली.

सुटीनंतर डिझाइनचे वर्ग भरले तेव्हा पहिल्या दिवशी तिची जागा रिकामी होती. शिक्षकांनी चौकशी केली. ती बाहेर, दालनाच्या उंबऱ्याशी बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावले नेमकी कुठे घुटमळतात, ते पाहत होती.