कडेश्वराची पायरीवरची उदबत्ती

कडेवाडीच्या कडेश्वराला गंध लावत नाहीत. पिंडीवर फक्त उदबत्तीच्या राखेचं बोट असतं, आणि ती उदबत्ती गाभाऱ्यात नव्हे, बाहेरच्या पायरीवर, देवाकडे पाठ करून लावायची असते. पाहुणे चंदनाची वाटी घेऊन आले, की शेवंताकाकी गुरव ती हसून परत देतात. "देव रागवायचा नाही हो, पण त्याची सवय मोडलीय," असं म्हणत त्यांना पायरीवर बसवतात आणि सांगू लागतात.

पूर्वी म्हणे देवळात चंदनाचं एक खोड होतं. गुरवांच्या कुणा पूर्वजाने ते कानडी मुलखातून डोक्यावरून आणलेलं. रोज सकाळी धोंडबा गुरव ते सहाणेवर उगाळत आणि तो थंड, दुधासारखा गोडसर वास वाडीभर जाई. त्यांची सून भिवरा लग्न होऊन आली, तेव्हा परक्या गावात तिच्या ओळखीचा झाला तो आधी हाच वास.

एका कार्तिकात तिचा नवरा रायाजी गावच्या माणसांबरोबर बैल घेऊन कोकणात मिठाला गेला. मीठ घेऊन परतताना ते घाट चढत असताना धुकं उतरलं. अंगणातली तुळस दिसेना इतकं दाट, आणि सरता सरेना. वाट कड्याच्या काठाने. वाट दाखवावी म्हणून गावाने ढोल बडवले, हाका मारल्या. तिथेच चुकलं. तो कडा हाक उलटी फिरवतो, गावातली हाक दरीतून ऐकू येते. खालून एक बैल कोसळल्याचा आवाज आला आणि ढोल थांबले. माणसं होती तिथेच बसून राहिली असावीत. मग जाळ केला, तर तो धुक्यात दिसेना, आणि लाकडाचा धूर धनगरांच्या वाड्यांवरूनही येतच होता.

भिवराच्या मनात आलं, चंदनाचा वास या डोंगरात एकाच ठिकाणी आहे. ती सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"मामंजी, खोड फोडू द्या."

"सूनबाई, ते देवाचं आहे. पुन्हा मिळायचं नाही."

"देव घरात आहे, मामंजी. बाहेर तुमचा लेक आहे."

धोंडबांनी खोड उचलून तिच्या हातात दिलं. मग म्हणाले, "फोड. पण बाहेर नेऊन फोड. त्याच्यासमोर नको."

भिवराने देवाकडे पाठ करून पायरीवर खोड फोडलं. ढलप्या जाळात टाकल्या असत्या, तर भडकून क्षणात संपल्या असत्या. म्हणून तिने त्या उखळात कुटल्या, झाडाच्या चिकट सालीत मळल्या, बांबूच्या काड्यांवर वळल्या आणि चुलीच्या उबेला सुकवल्या. पहाटेचा गार वारा दरीत उतरू लागला, तशी तिने पहिली काडी लावली. ती विझण्याआधी दुसरी. चंदनाचा धूर घाई करत नाही. डोळ्यांना झोंबत नाही. तो धुक्यातून हळूहळू खाली गेला.

काड्या संपत आल्या, तेव्हा बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. रायाजी पुढे होता. म्हणे तो एवढंच बोलला, "आबांनी आज एवढं गंध का उगाळलं?"

दुसऱ्या सकाळी धोंडबांनी सवयीने सहाणेवर पाणी घातलं, आणि हात तसाच राहिला. मग ते पायरीवर आले, राख चिमटीत घेतली आणि पिंडीला लावली. तेव्हापासून तेच चालू आहे.

काकी सांगतात, त्यांच्या लहानपणी घरी वळलेल्या उदबत्तीचा वास लुगड्याच्या घडीत आठवडाभर राहायचा. आताच्या पुड्यातल्या काडीचा दारापाशीच संपतो. तरी गावाने प्रथा सोडलेली नाही. आजही घाटात धुकं दाटलं आणि संध्याकाळची एसटी वेळेवर आली नाही, की कुणीतरी घरातून उठतं आणि पायरीवर उदबत्ती खोचून येतं. कुणासाठी, हे कडेवाडीत विचारत नाहीत.