सरळ रस्त्यावरचं दह्याचं मडकं

रणधवल महाराजांनी नकाशावर पट्टी ठेवली, बोरू उचलला आणि कुरणगड राजधानीपासून सोनबर्डीच्या बाजारापर्यंत एक सरळ रेघ ओढली. झालं! हिवरवाडी, आंबेसर आणि निमखेडी, तिन्ही गावं राजरस्त्याच्या बाहेर पडली!

जुनी वाट नदीच्या कडेकडेनं या तिन्ही गावांतून वळणं घेत जायची. गाडीवान हिवरवाडीला बैलांना नाल मारून घ्यायचे, आंबेसरला जेवायचे आणि निमखेडीच्या धर्मशाळेत पाठ टेकायचे. आता सगळी वर्दळ जाणार खडकमाळावरून, जिथे चिटपाखरू फिरकत नाही! तिन्ही गावांचे पाटील दरबारात धावले. त्यांच्या मागोमाग आंबेसरची तानूबाई गवळणही निघाली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती जाणार नाही तर काय! वाटसरूच नसले तर तिचं ताक पिणार कोण? गावात घरोघरी म्हशी होत्या.

"सरळ म्हणजे सरळ!" महाराज गरजले. "चांगला पाऊण कोस वाचतो!"

"लोण्यासारखा मऊ रस्ता होईल, सरकार!" विसाजीपंत कारभाऱ्यांनी मान डोलावली. पंत त्या माळावर जन्मात गेले नव्हते, पण मान डोलवायला माळावर जावं लागतं थोडंच!

पाटलांची तोंडं बंद झाली. तानूबाईचं कुठलं बंद व्हायला!

"महाराज, त्या माळावर माझी म्हैससुद्धा पाय टाकत नाही. जरा बाक द्या की रस्त्याला!"

"बाक? माझ्या रस्त्याला?" महाराज भडकले. "त्यापेक्षा तू न घुसळता लोणी काढून दाखव!"

दरबार खो खो हसला. तानूबाईनं पदर खोचला.

"आणि दाखवलं तर?"

हसू जागच्या जागी थांबलं. सगळ्यांसमोर शब्द गेला होता, आता माघार कशी घ्यायची?

"तर रस्ता वळवीन! पण रवी लावायची नाही. मडक्यात हात घालायचा नाही. तुमच्या तीन गावांतल्या कुणी मडकं हलवायचंसुद्धा नाही. हरलीस, तर तिन्ही गावांनी पुन्हा रस्त्याचं नाव काढायचं नाही!"

"कबूल! पण पंत म्हणतील, बाईनं घरी गुपचूप घुसळलं. म्हणून मडकं महाराजांच्या नजरेसमोरच राहू दे. परवा तुम्ही तो सरळ रस्ता बघायला निघणार ना? मग रथात ठेवा आणि वर तुमची मोहोर लावा."

"बाई प्रामाणिक दिसते," महाराज खूश होऊन पंतांना म्हणाले.

बाहेर आल्यावर आंबेसरचे पाटील कपाळाला हात लावून बसले. "तानूवहिनी, उरलीसुरली आशाही घालवलीत!"

"पाटीलभावजी, तुम्ही घरी जाऊन जेवा. मला विरजण लावायचंय."

तिसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत रथ निघाला. महाराजांच्या आणि पंतांच्या पायांमध्ये चुंबळीवर मडकं बसवलं. साईसकट घट्ट दही, वर फडकं, फडक्यावर लाखेची मोहोर. मडकं मात्र चौथा हिस्सा रिकामं.

"काठोकाठ का नाही भरलंस?" पंतांनी विचारलं.

"हिंदकळलं तर तुमच्या धोतरावर जाईल, म्हणून!" असं म्हणून ती मागच्या पायरीवर भालदाराशेजारी उभी राहिली.

चुन्यानं आखलेल्या रेघेवरून रथ माळावर चढला. पहिल्या खडकावर पंतांची पगडी उडाली. दुसऱ्यावर महाराजांचं डोकं छताला लागलं.

"महाराज, धक्के बसतायत का हो?" मागून तानूबाईनं मोठ्या मायेनं विचारलं.

"ध-ध-धक्के? छे! पाळण्यात ब-बसल्यासारखं वाटतंय! काय पंत?"

"अगदी पा-पा-पाळणा!" पंत म्हणाले आणि त्यांची जीभ चावली गेली.

तानूबाईचा कान मडक्याकडे होता. डबक, डबक! दही फुटायला लागलं होतं. तेवढ्यात मऊ मातीचा पट्टा लागला. रथ तरंगल्यासारखा चालला आणि मडकं गप्प झालं! एका शेताएवढं अंतर गेलं, दोन शेतांएवढं गेलं. तानूबाईचा जीव टांगणीला लागला. तीन गावं त्या मडक्यात होती! 'माळा, बाबा माळा, आता नको रे गुणी होऊस!' ती मनात म्हणाली.

खडाड्! पुन्हा खडक आले, एकापेक्षा एक अवलादी. सोनबर्डीची वेस दिसेपर्यंत मडक्यातला आवाज पार बदलला होता. त्या आवाजाचा अर्थ गवळणीला वेगळा सांगावा लागत नाही.

महाराज कंबर धरून उतरले. मोहोर तपासली, फडकं सोडलं. आत पांढरंशुभ्र ताक आणि त्यावर नारळाएवढा लोण्याचा गोळा!

"हे... हे तर धक्क्यांनी घुसळलं गेलंय!" महाराज ओरडले.

"धक्के? कुठले धक्के, महाराज? तुम्हीच म्हणालात, पाळणा! पंत साक्षीला आहेत."

पंत बिचारे जीभ सांभाळत होते.

"धक्के नव्हते, तर न घुसळता लोणी निघालं. रस्ता वळवा!" तानूबाई म्हणाली. "आणि धक्के होते, तर असल्या रस्त्यानं हाडं मोडून घ्यायला येणार कोण? तरी वळवाच!"

"पण घुसळणारं कुणीतरी असेलच ना!"

"माझी तिन्ही गावं आपापल्या घरी बसलीत. घुसळलंच असेल, तर महाराजांनी आणि पंतांनी मिळून घुसळलंय!"

मग महाराजांचं पोट हलायला लागलं, मिशा हलायला लागल्या आणि ते इतके हसले, इतके हसले, की पुन्हा कंबर धरावी लागली.

"पुरे गं बाई, हसलो की दुखतंय! पंत, लिहा! राजरस्ता नदीकाठानंच जाईल, तिन्ही गावांतून! आणि आमच्या गोठ्यातली सगळ्यांत दुभती म्हैस, रेडकासकट, या बाईच्या दारात बांधा! आता आधी गरम भाकरी आणा रे, लोणी वितळायच्या आत!"

भाकऱ्या झाल्या, लोणी संपलं. सारथी हात जोडून पुढे आला. "सरकार, परतताना रथ कुठल्या रस्त्यानं घ्यायचा?"

महाराजांनी तोंड उघडायच्या आत विसाजीपंत ओरडले, "आंबेसरवरून!"