तबीताबाईची काडी

फार वर्षांपूर्वी, उंबरदरीत नळ आले नव्हते आणि सगळं गाव बारवेच्या पायऱ्या उतरून पाणी भरत होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्या पाण्यात नारू होता. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब जंत. पाण्याबरोबर पोटात जायचा आणि वर्षभरानं पायाला फोड आणून डोकं बाहेर काढायचा. माणूस महिनाभर खाटेवरून उठायचा नाही. ऐन पेरणीत निम्मं गाव लंगडं असायचं, असं म्हणतात.

त्या गावात ख्रिस्ती मिशननं एक बाई पाठवली. नाव तबीता. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, सामान म्हणाल तर पवित्र शास्त्र आणि एक लांबलचक चटई. गावाबाहेर मिशनची खोली होती, आणि खोलीपुढच्या कडुलिंबाला आगगाडीच्या रुळाचा तुकडा घंटेसारखा टांगलेला. दर रविवारी ती तो वाजवायची, चटई अंथरायची आणि तिच्या एका टोकाला बसून एकटीच प्रार्थना करायची. बाकीची चटई रिकामी.

नारू काढणं मात्र तिला येत होतं. बाहेर आलेलं टोक लिंबाच्या काडीला गुंडाळायचं आणि रोज एक वेढा द्यायचा. एकच. ओढला तर तुटतो, आतला तुकडा सडतो आणि पाय जायबंदी होतो. वेढा देताना ती स्वतःच रचलेलं गाणं गुणगुणायची:

हात माझे, वेळ तुझी, प्रभुराया,
दुखणं माझ्या मांडीवरी, फुंकर तुझी, प्रभुराया.

आता खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी ती स्वतःच घाई करून बसली. धनगराची ठकूबाई पाय घेऊन आली, तेव्हा नाताळ चार दिवसांवर होता. ही बरी झाली तर नाताळला चटईवर बसेल, मग गावही येईल, असं तबीताच्या मनात आलं. तिनं एका दिवसात तीन वेढे दिले. नारू तुटला. ठकूबाई वाचली, पण पाय वाकडा झाला तो झालाच. तबीता तिच्या दारात जाऊन ढसाढसा रडली. ठकूबाई म्हणाली, "रडू नको बाई. तुझ्या देवाला घाई नव्हती, तुलाच व्हती."

त्या दिवसापासून तबीताबाईचा हात बदलला. तिची बोटं लागली की ठणका थांबायचा, असं म्हणतात. गाणं ऐकून नारू आपणहून काडीवर चढायचा, असंही म्हणतात. लोक यायचे, बरे व्हायचे, पाया पडायचे आणि जायचे. रविवारी चटई रिकामीच.

अशी एकोणीस वर्षं गेली. मग शहरातून पाद्रीसाहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वरती जाब द्यावा लागायचा.

"तबीताबाई, किती माणसं प्रभूच्या मंडळीत आली?"

"साहेब, पाय किती बरे झाले ते विचारा."

साहेब हसले, पण म्हणाले, "हंगामाच्या सणाला, नवं धान्य देवाला वाहतात तेव्हा, मी येईन. चटईवर एकही माणूस नसला, तर खोलीला कुलूप लागेल."

तबीताबाईच्या मनात आलं, एकोणीस वर्षं पाण्यात गेली म्हणायची की काय?

नेमका त्याच आठवड्यात पाटलाला नारू झाला. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. पाटील म्हणाला, "बाई, लग्नात मला माझ्या पायावर उभं ऱ्हायचंय. वढून काढ. सणाला सगळं गाव तुझ्या चटईवर आणून बसवतो. पाटलाचा शब्द हाय."

मोह मोठा होता. पण तबीताबाई म्हणाली, "ओढणार नाही, पाटील. नारूलाही नाही आणि गावालाही नाही."

पाटील भडकला. दुसऱ्या कुणाकडून त्यानं नारू ओढून काढवून घेतला. तो तुटला, पाय सुजला, ताप चढला. सणाच्या दिवशी सकाळी तबीताबाईनं चटई अंथरली, ती रूळ वाजवणार तोच पाटलीणबाई धावत आली. "बाई, धनी काय वाचत न्हाईत."

तबीताबाईनं हातातला हातोडा तिथंच ठेवला आणि ती गेली. दिवसभर लिंबाच्या पाण्यानं जखम धूत राहिली, गाणं म्हणत राहिली. तिकडे साहेब आले. चटईवर कुणी नाही, बाईसुद्धा नाही. दुपारपर्यंत वाट पाहून त्यांनी चटई गुंडाळून दाराशी ठेवली आणि कुलूप लावलं.

संध्याकाळी कुलूप बघून ती तिथंच खाली बसली आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "देवा, खोली तुझी, माणसंही तुझी. मला फक्त उद्याचा वेढा दे." पाटील वाचला.

पुढं वीस वर्षं ती ठकूबाईच्या छपरात राहिली, वेढे देत राहिली आणि रविवारी बंद दारापुढंच चटई अंथरत राहिली. एकही माणूस चटईवर बसलेला न बघता ती गेली. बारवेजवळ तिला माती दिली.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी रूळ वाजला. कुणी वाजवला ते आजवर कुणाला कळलेलं नाही. गाव धावत गेलं. बंद दारापुढं चटई अंथरलेली. बसायला कुणी धजेना. तेवढ्यात म्हातारी ठकूबाई लंगडत पुढं आली, तबीताबाईच्या टोकाला बसली आणि कापऱ्या आवाजात म्हणाली, "हात माझे, वेळ तुझी, प्रभुराया..."

आणि दुसरी ओळ सगळ्या गावानं उचलली. कुणी ती शिकवली नव्हती. पण तबीताबाईच्या मांडीवर पाय ठेवून महिना महिना ती ऐकली नाही, असं घर उंबरदरीत नव्हतं. पाटील आपल्या पायांवर उभा राहून गात होता आणि रडत होता. मग एकेक जण बसू लागला. चटई पुरेना, तशी ती आपोआप लांब होत बारवेपर्यंत गेली, असं म्हणतात.

कुलूप पुढं निघालं. नारू गेला, नळ आले. पण हंगामाच्या सणाला उंबरदरीत आजही एकच लांब चटई अंथरतात. ज्याला यायचं तो येतो, त्याचा धर्म कुणी विचारत नाही. मंडळीच्या वहीत दर रविवारी हजेरीचा आकडा पडतो, सणाच्या दिवशी मात्र आकड्याऐवजी पानात लिंबाची एक काडी ठेवतात. एकदा नव्यानं आलेले पाद्री दारात उभे राहून बोटानं माणसं मोजायला लागले. शेजारच्या म्हातारीनं त्यांचं बोट हळूच धरून खाली केलं.

"बाबा," ती म्हणाली, "वढू नका."